गंडलीय म्हणजे काय झालंय?

मार्च सरला की सांगलीच्या मार्केट यार्डात दोन हंगाम एकावर एक येतात. खाली नव्या हळदीचे सौदे चालू असतात, पोती फुटत असतात, घशाशी धरणारी पिवळी धूळ हवेत असते. आणि वर माडीवर, पंख्याखाली, वर्षाचा हिशेब मिटवायचा असतो. अशाच एका दुपारी यार्डाजवळच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एक दिवाणजी आले. साठीच्या आसपासचे, पांढरा सदरा, कॉलरीच्या आत रुमाल, खिशाला दोन पेनं. हिशेबाच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती त्यांच्या पेढीतल्या मशीनवर बसत नव्हती. पडद्यावर आलेला संदेश त्यांनी बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर उतरवून आणला होता, एकेक इंग्रजी अक्षर सुटं सुटं, पूर्णविरामासकट. काउंटरवरच्या पोरापुढं दोन लॅपटॉप उघडे पडलेले, तिसरं गिऱ्हाईक प्रिंटरसाठी थांबलेलं. त्यानं कागदावर नजर टाकली आणि म्हणाला, "काका, फाइल गंडलीय. नेटवरून परत उतरवून घ्या." "तीनदा उतरवली रे बाळा," दिवाणजी म्हणाले, आणि मग आवाज खाली घेऊन, "माझ्याच हातनं काय तरी चुकत असंल." कागदाची घडी खिशात घातली आणि उन्हात निघून गेले.

ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातनं जाईना.

जाईना याला कारण होतं. अडत दुकानात आयुष्य घालवलेला माणूस तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांचा जमा-नावे ताळमेळ, जुळली नाही म्हणून कधी सगळी खतावणी, म्हणजे खात्यांची वही, पुन्हा लिहायला घेत नाही. तो आधी फरक बघतो. जमा आणि नावे यांतल्या फरकाला नऊनं पूर्ण भाग गेला, तर कुठंतरी अंकांची अदलाबदल झालीय, ५,४३१ च्या जागी ५,३४१ पडलेत. फरक दोननं भागून आलेला आकडा एखाद्या नोंदीशी जुळला, तर ती नोंद चुकीच्या बाजूला बसलीय. फरक सरळ एखाद्या नोंदीएवढाच असेल, तर ती उतरवायची राहिलीय. म्हणजे चूक आपला पत्ता स्वतःच सांगते, फक्त फरकाकडे नीट बघायचं. हे ज्याच्या हाडीमाशी मुरलंय तो माणूस कॉम्प्युटरपुढं बसला की तीन तीन वेळा सगळी फाइल पहिल्यापासून उतरवतो, आणि शेवटी दोष स्वतःच्या हाताला देतो. त्याला कुणी सांगितलेलंच नाही की इथंही फरक बघता येतो.

'गंडणं' हा आपल्याकडचा फार सोयीचा शब्द. विहिरीवरची मोटार गंडते, पावसाचं गणित गंडतं, स्नेहसंमेलनातलं भाषण गंडतं. काहीतरी बिघडलंय एवढं त्यातून कळतं, काय बिघडलंय ते झाकलं जातं. फाइलीच्या बाबतीत त्या एका शब्दाखाली निदान चार वेगळे आजार असतात, आणि चौघांची औषधं एकमेकांना चालत नाहीत. फाइल म्हणून जे उतरलंय ते फाइल नसतंच, हा पहिला. फाइल अर्धी आलीय, हा दुसरा. पूर्ण आलीय पण आतून बदललीय, हा तिसरा. आणि चौथा सगळ्यात फसवा: फाइल ठणठणीत आहे, मशीन तिला बसू देत नाही. परत उतरवणं हे औषध पहिल्या दोघांवर कधीमधी लागू पडतं. तिसऱ्यावर नशिबानं. चौथ्यावर कधीच नाही, आणि तरी चौथ्यासाठीच लोक सगळ्यात जास्त वेळा डाउनलोड करतात.

सुरुवात आकारापासून करावी. फाइलीवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, आणि तिथं कंसात लिहिलेले बाइट्स. मेगाबाइटचा आकडा बघू नये, कारण एकजण १००० नं भागतो आणि दुसरा १०२४ नं; कुणी ७०० मेगाबाइट म्हणून लिहिलेली फाइल विंडोजमध्ये ६६७ दिसते आणि माणूस उगीच घाबरतो. खाली 'साइझ ऑन डिस्क' म्हणून आणखी एक आकडा असतो, तोही सोडून द्यावा. ती डिस्कवर अडवलेली जागा आहे, मालाचं वजन नव्हे. बाइट्सचा आकडा मात्र शेवटच्या अंकापर्यंत जुळला पाहिजे. एकानंही कमी असेल तर पुढं काही करायचं कारण नाही.

आकडा फारच छोटा असेल, शेकडो मेगाबाइटच्या जागी दहा-वीस किलोबाइट, तर तो पहिला आजार. कॉलेजच्या, हॉटेलच्या नाहीतर लॉजच्या वायफायवर लॉगिन संपलेलं असतं, किंवा डाउनलोडच्या दुव्याची मुदत उलटलेली असते. समोरचा सर्व्हर प्रोग्रॅमऐवजी 'आधी लॉगिन करा' असं सांगणारं वेबपान पाठवतो आणि ब्राउझर इमानदारीनं ते पान सेटअपच्या नावानं साठवतो. अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडावी. विंडोजचा खरा प्रोग्रॅम असेल तर बाकी सगळ्या गिचमिडीत पहिली दोन अक्षरं 'एम' आणि 'झेड' दिसतात. ती मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टमधल्या अभियंत्याची आद्याक्षरं. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात त्यानं ही मांडणी ठरवली आणि आजही प्रत्येक ईएक्सई फाइल त्याच्या सहीनं सुरू होते. झिप फाइल 'पी' आणि 'के' नं, म्हणजे झिपची मांडणी करणाऱ्या फिल कॅट्झच्या नावानं. पीडीएफ असेल तर टक्क्याच्या खुणेमागं पीडीएफ हीच अक्षरं. आणि यातलं काहीच नसून कोनी कंसात 'डॉकटाइप एचटीएमएल' दिसलं, तर समोर वेबपान आहे, प्रोग्रॅम नाही. एवढं बघायला अर्धा मिनिट लागतो. पोतं उघडून मूठभर हळकुंडं हातावर घेण्याइतकं सोपं.

दुसरा आजार अर्धवट उतरलेल्या फाइलीचा. दुकानात ब्रॉडबँड नाही, मुलाच्या मोबाइलचं हॉटस्पॉट आहे, मधे फोन येतो, वीज जाते, टॉवर बदलतो. क्रोम अर्धवट फाइलीच्या शेवटी 'सीआरडाउनलोड' लावून ठेवतो, फायरफॉक्स 'पार्ट' लावतो. ते शेपूट हातानं काढून फाइल चालवून बघणारे लोक असतात. नाव पुसल्यानं माल पूर्ण होत नाही. झिपच्या बाबतीत तर अर्धवटपणा लगेच उघडा पडतो, कारण झिपची अनुक्रमणिका फाइलीच्या अगदी शेवटी असते. शेवटचा तुकडा आला नाही की आत काय काय आहे हेच कळत नाही आणि 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ अर्काइव्ह' असा संदेश येतो. हा संदेश म्हणजे निदानच आहे: फाइल तुटलीय, शेवट आलेला नाही.

तुटलेली फाइल पहिल्यापासून उतरवायची गरज नसते. बहुतेक सर्व्हरना 'अमुक बाइटपासून पुढचं दे' असं सांगता येतं, आणि ते २०६ या क्रमांकाचं उत्तर देऊन उरलेला तुकडा पाठवतात. ब्राउझरमधलं 'रिझ्यूम' हेच करतं. मोठ्या फाइलींसाठी डब्ल्यूगेट आणि कर्ल असे टाइप केलेल्या आज्ञांवर चालणारे डाउनलोडचे प्रोग्रॅम असतात. डब्ल्यूगेट वापरून वजाचिन्हाला लागून लहान 'सी' दिला, किंवा कर्ल वापरून मोठा 'सी' आणि त्यानंतर आणखी एक वजाचिन्ह दिलं, की राहिलेल्या जागेपासून काम सुरू होतं. यात एक खाच आहे आणि ती माहीत नसेल तर माणूस दिवस घालवतो. काल अर्धी फाइल उतरली, रात्रीत कंपनीनं त्याच नावानं नवी आवृत्ती ठेवली, आणि आज आपण पुढचा भाग जोडला. तर पुढचं धड जुन्याचं आणि मागचं नव्याचं. डब्ल्यूगेट हे ओळखू शकत नाही, ते फक्त लांबी मोजतं. आकार अगदी बरोबर येतो आणि फाइल तरीही खोटी असते. दोन दिवसांचं अंतर पडलं असेल तर अर्धवट फाइल पुसून टाकलेली बरी.

इथं आकाराचं काम संपतं आणि ताळ्याचं सुरू होतं.

ताळा हा शब्द आपल्याकडे शाळेत गणिताचं उत्तर तपासायला वापरतात. जुन्या मंडळींना नऊ काढायचा ताळा पाठ असतो: संख्येतले अंक मिळवत जायचं, दोन अंकी उत्तर आलं की तेही मिळवायचं, एक अंक उरेपर्यंत. ५,४३१ चे तेरा, तेराचे चार. गुणाकाराच्या दोन्ही बाजूंचे ताळे जुळले की बहुधा उत्तर बरोबर. पण ५,३४१ चेही तेराच होतात आणि चारच उरतात. अंकांची अदलाबदल या ताळ्याला दिसत नाही. आता यातली विलक्षण गोष्ट अशी की इंटरनेटवर माहिती ज्या छोट्या पाकिटांतून जाते त्या प्रत्येक टीसीपी पाकिटाला जो ताळा लावलेला असतो तो अगदी याच जातीचा आहे. पाकिटातल्या मजकुराचे १६-१६ बिटांचे, म्हणजे शून्य-एकांचे, तुकडे करायचे, त्यांची बेरीज करायची, वर हातचा आला की तो परत खाली मिळवायचा. तेराचे एक आणि तीन मिळवून चार करतो तसंच. आपण नऊ काढतो, तिथं ६५,५३५ काढतात, एवढाच फरक. आणि म्हणून उणीवही तीच: दोन तुकड्यांची जागा आपसांत बदलली तर तो ताळा जुळतोच. तेरजेत नऊनं भागणारा फरक शोधणाऱ्या माणसाला हे समजवायला एक मिनिटही लागू नये.

ही उणीव माहीत असल्यामुळेच पुढचे ताळे आले. झिपच्या आत प्रत्येक फाइलीसाठी सीआरसी-३२ नावाचा ताळा असतो. या पद्धतीची मूळ मांडणी वेस्ली पीटरसननं १९६१ मध्ये केली. या ताळ्याला अदलाबदल दिसते, सलग बिघडलेले बिट दिसतात. दिवाणजींनी कागदावर उतरवून आणलेला संदेशही असल्याच ताळ्याचा होता: सेटअप फाइल सुरू होताना स्वतःचाच ताळा करून बघते आणि तो जुळला नाही की 'इन्स्टॉलर इंटेग्रिटी चेक हॅज फेल्ड' असं सांगून थांबते. थांबते हे फार चांगलं करते. अर्धवट खरा प्रोग्रॅम बसवून पुढं सहा महिने हिशेब चुकत राहण्यापेक्षा दारातच अडवणं बरं. त्याहून पक्का ताळा म्हणजे एसएचए-२५६. फाइल दहा किलोबाइटची असो की दहा गिगाबाइटची, उत्तर नेहमी ६४ अक्षरांचं: शून्य ते नऊ आणि 'ए' ते 'एफ'. आत एक बिट बदलला तरी जवळपास अर्धे बिट बदलून सगळी ओळच वेगळी येते. म्हणून इथं 'थोडा फरक आहे' असं काही नसतं.

हा ताळा काढायला विंडोजमध्ये वेगळं काही आणावं लागत नाही. फाइल जिथं आहे त्या फोल्डरच्या पत्त्याच्या पट्टीत सीएमडी लिहून एंटर दाबायचं, काळी खिडकी उघडते. तिथं 'सर्टयुटिल', जागा सोडून वजाचिन्हाला लागून 'हॅशफाइल', मग फाइलीचं नाव, मग 'एसएचए२५६'. काही सेकंदांत ओळ समोर येते. ती कंपनीच्या पानावरच्या ओळीशी ताडायची. डोळ्यांनी ६४ अक्षरं जुळवताना मधेच रांग चुकते, म्हणून कंपनीची ओळ एक्सेलच्या एका घरात, आपली दुसऱ्या घरात, आणि तिसऱ्यात 'इक्झॅक्ट' हे सूत्र लावावं. एक्सेल हाताशी असतंच. दोन्हींत लहान-मोठी लिपी वेगळी असेल तर 'इक्झॅक्ट' उगीच नाही म्हणतं. अशा वेळी साधं बरोबरचं चिन्ह वापरावं, ते लिपीचा भेद मानत नाही. लिनक्सवाल्यांना 'एसएचए२५६सम' हा एकच शब्द पुरतो.

आकार जुळतोय आणि ताळा जुळत नाही, असं झालं की बहुतेक जण पहिला दोष नेटला देतात. टॉवर खराब, पावसाळी हवा, कंपनी वाईट. पण आज जवळपास सगळी डाउनलोडं एचटीटीपीएसवरून होतात, आणि त्या कुलपबंद वाटेवर प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र पडताळणी होते. वाटेत एक बिट जरी बदलला तरी जोडणीच तुटते. म्हणजे नेट फाइल तोडू शकतं, गुपचूप बदलू मात्र क्वचितच शकतं. पूर्ण लांबीची आणि तरी बदललेली फाइल दिसली की संशयाचा रोख स्वतःच्या घराकडे वळवावा: पेनड्राइव्ह, केबल, डिस्क, रॅम. चौथ्यांदा डाउनलोड सुरू करण्याआधी एवढी एक गोष्ट कळली तरी केवढा डेटा आणि केवढी उन्हातली पायपीट वाचेल.

पेनड्राइव्हचे दोन प्रकार नेहमी भेटतात. एक, जुनी फॅट-३२ मांडणी. तिच्यात एक फाइल जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइट्सची मावते, चार गिगाबाइटला एक बाइट कमी. ड्राइव्ह ६४ गिगाबाइटचा आहे, सगळा मोकळा आहे, आणि तरी विंडोज 'फाइल फार मोठी आहे' म्हणतं. लोक ड्राइव्ह फेकून देतात. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की झालं, मात्र आधी त्यातलं सामान बाहेर काढून. दुसरा प्रकार वाईट. वर १२८ छापलेलं, आत चिप आठची. ड्राइव्ह चालवणाऱ्या कंट्रोलर चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. आठ गिगाबाइट भरले की पुढचं लिखाण आधीच्या अंगावर जातं नाहीतर हवेत जातं. फाइलींची नावं दिसतात, आकार दिसतात, आत केर. एच२टेस्टडब्ल्यू नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम सगळा ड्राइव्ह भरून परत वाचून बघतो आणि खरं माप सांगतो. पेठेतून स्वस्तात आणलेला ड्राइव्ह पहिल्या दिवशीच असा मोजून घ्यावा. आणि पेनड्राइव्हवर ताळा काढताना एक सांभाळावं: कॉपी केल्या केल्या काढलेला ताळा बऱ्याचदा मशीनच्या स्मरणातल्या प्रतीचा असतो, ड्राइव्हवरच्या नव्हे. ड्राइव्ह रीतसर काढून, पुन्हा लावून, मग काढावा.

रॅमचा, म्हणजे मशीनच्या कामापुरत्या स्मरणाच्या पट्टीचा, दोष मात्र सगळ्यांत जास्त छळतो, कारण तो कुणाच्याच लक्षात येत नाही. मशीन चालू असतं, गाणी वाजतात, टायपिंग होतं. फक्त मोठी फाइल उघडताना एखादा बिट पालटतो. सांगलीत याला एक स्थानिक पदर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. ४५ ला धोक्याची पातळी असते. पाणी ओसरल्यावर दुकानांसमोर सगळं सामान वाळत टाकलेलं, त्यात कॉम्प्युटरही. पुराचं पाणी लागलेली मशीन धुऊन, पुसून, उन्हात ठेवून पुन्हा चालू होतात, हे खरं आहे. पण गाळाचा बारीक थर रॅमच्या खाचेत राहतो, सोनेरी पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखा गंज चढतो, आणि दोष वर्षांनी वर येतो. पूर नसलेल्या जागीही हळदीची धूळ आणि दमटपणा हेच काम हळूहळू करतात. उपाय साधा असतो: वीज बंद, प्लग बाहेर, रॅमची पट्टी काढून तिच्या पट्ट्यांवर पांढरा खोडरबर हलक्या हातानं फिरवायचा, भुगा झटकायचा, खाच ब्रशनं साफ करायची, पट्टी दोन्ही बाजूंना टक् आवाज येईपर्यंत बसवायची. तरी शंका राहिली तर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवून रात्रभर ठेवायचं. एक जरी लाल ओळ आली तर ती पट्टी गेली. 'एकच तर चूक आहे' असा हिशेब तिथं नसतो.

आणि हे ओळखायची खूण ताळ्यातच आहे. त्याच मशीनवर त्याच फाइलीचा ताळा काढावा, मशीन बंद करून पुन्हा चालू करावं, परत काढावा. दोन्ही ओळी एकमेकींसारख्या पण कंपनीच्या ओळीपेक्षा वेगळ्या असतील, तर फाइल बदललेलीच साठवली गेलीय. दोन्ही ओळी एकमेकींपासूनच वेगळ्या असतील, तर फाइलीला हात लावू नये, दोष वाचणाऱ्याचा आहे.

आता चौथा आजार. ताळा जुळला, तरी प्रोग्रॅम बसत नाही. इथं तरी 'गंडलीय' हा शब्द सोडून द्यावा, कारण फाइल निर्दोष सुटलेली आहे. एमएसआय जातीची, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलरनं बसणारी, फाइल असेल तर १६०३ हा क्रमांक वारंवार येतो. त्याचा अर्थ 'काहीतरी मोठं अडलं' एवढाच. खरं कारण नोंदवहीत असतं. काळ्या खिडकीत 'एमएसआयएक्झेक', तिरकी रेघ 'आय', फाइलीचं नाव, मग तिरकी रेघ 'एल', तारा, 'व्ही' आणि नोंदीच्या फाइलीचं नाव दिलं की प्रत्येक पाऊल लिहिलं जातं. त्या लांबलचक नोंदीत 'रिटर्न व्हॅल्यू ३' शोधायचं आणि तिथून वर वाचत जायचं. अडलेलं पाऊल त्याच्या लगेच वरच्या ओळींत असतं. बहुतेकदा तिथं फोल्डरवर सिस्टिम खात्याला पूर्ण हक्क नाही, किंवा जुन्या आवृत्तीचं शेपूट राहिलंय, असं काहीतरी अगदी घरगुती निघतं. १६१८ आला तर दुसरं काहीतरी आधीच बसतंय, त्याला संपू द्यावं. 'व्हीसीरनटाइम१४०' ही डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारी जोडफाइल, सापडत नाही असं म्हटलं तर मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ चा संच बसवावा, आणि ६४ बिटांच्या मशीनवरही ३२ आणि ६४ असे दोन्ही. कुठल्याही वेबसाइटवरून ती एकच डीएलएल आणून टाकू नये. विंडोजच्या स्वतःच्या फाइली बिघडल्याचा संशय असेल तर विंडोजमधल्याच दुरुस्तीच्या दोन आज्ञा आहेत: आधी डिझमचं 'रिस्टोअरहेल्थ', मग 'एसएफसी स्कॅननाउ'. क्रम उलटा केला तर एसएफसी बिघडलेल्या कोठारातूनच सुटे भाग आणून बसवू बघतं.

दोन कारणं आपल्या भागात इतकी भेटतात की त्यांच्यापाशी थांबावंसं वाटतं. एक म्हणजे तारीख. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा तीन व्होल्टचा, नाण्यासारखा चपटा सेल असतो. तो संपला की रोज सकाळी घड्याळ कित्येक वर्षं मागं जातं. मग सुरक्षित वेबसाइटांची प्रमाणपत्रं 'अजून लागू झालेली नाहीत' असं ब्राउझरला वाटतं, परवाना तपासला जात नाही, आणि प्रोग्रॅम बसता बसता परत फिरतो. माणूस फाइल बदलतो, अँटिव्हायरस काढतो, विंडोज नवं टाकतो. उजव्या कोपऱ्यातली तारीख कुणी बघत नाही. दुसरं कारण मनाला जास्त लागतं. कुणी हौसेनं विंडोजच्या खात्याला मराठीत नाव देतं, देवनागरीत, आजोबांचं नाहीतर दुकानाचं. मग त्या खात्याचा फोल्डरही देवनागरीत तयार होतो आणि सेटअपचं तात्पुरतं सामान त्याच वाटेनं जातं. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांना सामावणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या पद्धतीनं लिहिलेल्या इन्स्टॉलरांना ती वाट वाचताच येत नाही. रशियन किंवा ग्रीक लिपीसाठी विंडोजमध्ये जुनी एक-बाइटी सारणी तरी आहे. मराठी आणि हिंदीसाठी तशी सारणी कधी नव्हतीच, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं आणि 'फोल्डर सापडत नाही' म्हणून सगळं थांबतं. खात्याचं नाव नंतर बदलून उपयोग नाही, फोल्डरचं तेच राहतं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये टेम्प आणि टीएमपी या दोन्हींना सी ड्राइव्हवरच्या रोमन नावाच्या साध्या फोल्डरकडे वळवलं की बहुतेक जुने इन्स्टॉलर चालतात. चालतात, पण आपल्या भाषेत घराला नाव दिलं म्हणून दार उघडलं नाही, याचं वाईट वाटायचं ते वाटतंच.

ताळ्यावर भरवसा ठेवायचा, पण त्याचीही एक सीमा आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या वेबसाइटमध्ये शिरून कुणीतरी डाउनलोडचा दुवा आपल्या चोरदरवाजा असलेल्या प्रतीकडे वळवला होता. ज्याच्या हातात पान आहे त्याला पानावर छापलेला ताळाही बदलता येतो. ताळा एवढंच सांगतो की इथली प्रत तिथल्या प्रतीसारखी आहे; तिथली प्रत कुणाची, हे सही सांगते. म्हणून प्रॉपर्टीजमधलं 'डिजिटल सिग्नेचर्स' हे पान उघडून बनवणाऱ्याचं नाव बघावं. मित्राच्या पेनड्राइव्हवरून आलेल्या, कुलूप तोडलेल्या प्रतीची सही एकतर नसते किंवा मोडलेली असते, आणि नेमक्या त्याच मशीनवर पेढीचे सगळे हिशेब असतात.

दिवाणजी तीन दिवसांनी पुन्हा आले. या वेळी कॅबिनेटच घेऊन, स्कूटरच्या पायाशी उभं करून, वर पोत्याचं जुनं बारदान टाकलेलं. पोराला मोकळा वेळ होता. मी त्याला म्हटलं, उतरवू नकोस, आधी ताळा काढ. दुकानाच्या मशीनवर काढलेली ओळ कंपनीच्या ओळीशी जुळली. तीच फाइल पेनड्राइव्हवरून दिवाणजींच्या मशीनवर घेतली, ओळ वेगळी आली. मशीन बंद करून चालू केलं, पुन्हा काढली, तिसरीच आली. तिन्ही ओळी पोरानं कागदावर छापून एकाखाली एक ठेवल्या. दिवाणजींनी खिशातलं पेन काढून त्याची बोथट बाजू एकेका अक्षराखालून सरकवत नेली, खतावणी ताडतात तशी, आणि शेवटाला पोचण्याआधीच मान वर केली. "म्हणजे माल बरोबर हाय," ते म्हणाले, "वाचणाराच चुकीचं वाचतोय."

बाजूचं झाकण काढलं तर आत बोटाला लागेल एवढी पिवळी धूळ. दोन पट्ट्या होत्या. दोन्ही खोडरबरनं पुसून, एकेक बसवून मेमटेस्ट लावलं. पहिली स्वच्छ गेली. दुसरीला चौथ्या मिनिटाला लाल ओळी येऊ लागल्या. पोरानं ती काढून काउंटरवर ठेवली, एका पट्टीवर मशीन सुरू केलं आणि तीच फाइल, तिसऱ्यांदा उतरवलेली तीच प्रत, पहिल्या झटक्यात बसली. पोराला आनंद झाला. "काका, तुमच्या हातात काहीच चूक नव्हती," तो म्हणाला.

दिवाणजींनी ती पट्टी उचलून उजेडाकडे धरली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "ही खराब कधीपास्नं असंल?" पोराला सांगता येईना, सांगता येण्यासारखं नव्हतंच. "मग मार्चातल्या नोंदी मी ह्याच मशीनवर केल्यात की."

त्यांनी बारदान उचललं, कॅबिनेट पुन्हा स्कूटरवर ठेवलं, आणि जाताना शेजारच्या स्टेशनरीच्या दुकानात थांबून एक शिसपेन्सिल घेतली. संध्याकाळी माडीवर दिवा लागलेला दिसत होता. रोजकीर्द एका बाजूला, छापलेली तेरीज दुसऱ्या बाजूला.